गजर त्यांच्या उशाशी ठेवा

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय:

"ताई, मी वाळवा तालुक्यातली, वय ३८. चार वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर मिस्टर पत्र्यावर ताडपत्री टाकायला चढले आणि पडले. मणक्याला मार लागला, कागदावर डी १२ लिहिलंय. कमरेखाली काही हलत नाही, लघवी-संडासचं कळत नाही. तेव्हापासून सगळं मीच करते, अंघोळ, संडास, कूस बदलणं. रात्री लघवीची पिशवी लावते ती निसटते आणि गादी भिजते. आधी ब्लाउज शिवायचे, आता मशीनवर धूळ आहे. पाठ इतकी दुखते की सकाळी उठताना भिंत धरते. मुलगा दहावीला, मुलगी सातवीत. सासूबाई म्हणतात बायको असताना बाहेरचा माणूस कशाला. दीर पुण्याला असतात, महिन्याला तीन हजार पाठवतात. मागच्या महिन्यात रात्री तीन वाजता चादर बदलताना मनात आलं की त्याच दिवशी हे गेले असते तर सुटलो असतो सगळे. तेव्हापासून देवापुढे दिवा लावायला हात धजत नाही. मी वाईट बाई आहे का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर बाकीचं वाचताना तोच डोक्यात घोळत राहील. नाही, तुम्ही वाईट बाई नाही. चार वर्षं म्हणजे चौदाशेच्या वर रात्री, आणि त्यातली एक तरी तुम्ही सलग झोपलात का? माझा मोठा भाऊ आंब्यावरून पडला होता, आमच्या कोकणात हे दर सीझनला कुणाच्या ना कुणाच्या घरी होतं, आणि आई आणि मी मिळून त्याचं अकरा वर्षं केलं. आईने एकदा न्हाणीत बसून मला हळूच सांगितलं होतं की बाय, वाटतं एकदाचे त्याने तरी डोळे मिटावेत नाहीतर मी तरी, आणि मग उठली, गरम पाण्याची बादली घेतली आणि त्याला पुसायला गेली. त्या दिवशी मी घाबरले होते. आज मला कळतं की तिला तो जायला नको होता, तिला फक्त झोप हवी होती आणि ते मागायला घरात कुणी उरलं नव्हतं. तुमचंही तेच आहे असं मला पत्रावरून वाटतं. दिवा लावा हो, त्या दिव्याचं आणि तुमचं काही बिघडलेलं नाही.

पण एक स्पष्ट विचारते, रागावू नका. हा विचार येतो आणि जातो, की कधी कधी आता काहीतरी करूनच टाकावं असंही वाटतं, स्वतःला किंवा त्यांना? तसं असेल तर पुढचं वाचत बसू नका, आधी १४४१६ लावा, टेलिमानस नाव आहे त्याचं, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन आहे, फुकट आहे, रात्री तीनला पण लागतो आणि मराठीत बोलता येतं. आणि मिस्टरांनाही तो नंबर देऊन ठेवा कारण चार वर्षं छताकडे बघत पडलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते आपल्याला दरवेळी कळतंच असं नाही.

आता मुद्द्याचं. तुमचं पत्र मी चार-पाच वेळा वाचलं आणि एकच गोष्ट शोधत होते, ते स्वतः काय करतात. एका ठिकाणी तुम्ही लिहिलंय की दिवसभर मोबाईल बघतात, एका ठिकाणी जेवतात आपल्या हाताने. बास, एवढंच. ताई, डी १२ म्हणजे छातीच्या मणक्यांतला शेवटचा मणका, त्याच्या वरचं सगळं शरीर त्यांचं आहे, खांदे आहेत, दंड आहेत, बोटं चालतात. अशी माणसं स्वतः कूस बदलतात, स्वतः कॉटवरून व्हीलचेअरवर जातात, स्वतः अंघोळ करतात, तीनचाकी स्कूटर चालवून नोकरीला जातात. आणि तुमच्या घरी चार वर्षं त्यांची कूस तुम्ही बदलताय! यात तुमची चूक नाही, त्यांचीही नाही, कारण हॉस्पिटलातून घरी सोडताना बहुतेक ठिकाणी पेशंटला कुणी शिकवतच नाही, शिकवलंच तर बायकोला शिकवतात, ते पण दहा मिनिटांत, डिस्चार्जच्या गडबडीत. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. आई दादाला पहिली तीन वर्षं भरवत होती, हात धडधाकट असताना, कारण तो पडून आहे म्हणजे त्याला भरवायचं असं आम्ही धरून चाललो होतो. मग कुणीतरी एका पुनर्वसन केंद्राचं सांगितलं, तिथे त्याला दीड महिना ठेवलं. पहिले चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही, तुम्हाला मी जड झालो म्हणून इथे टाकलंत म्हणाला, आणि मी बाहेर येऊन रडले. परत आला तेव्हा फळीवरून सरकत कॉटवरून खुर्चीत गेला आणि म्हणाला चहा कुठाय. आई त्या दिवशी दुपारी झोपली, मी तिला दुपारी झोपलेलं तोवर कधी बघितलं नव्हतं.

म्हणून माझा सल्ला असा की मदतनीस शोधायच्या आधी, दिराशी बोलायच्या आधी, पहिला वाटा मिस्टरांना द्या. त्यांच्या कामातलं त्यांना जे जमण्यासारखं आहे ते त्यांच्याकडे जायला हवं, हळूहळू, पण जायला हवंच.

कुठे शिकायचं तर तुम्हाला जवळ मिरज आहे, तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपीला दाखवा आणि थेट विचारा की यांना ट्रान्सफर, म्हणजे कॉटवरून खुर्चीत स्वतः जाणं, आणि व्हीलचेअर शिकायचीये, कुठे मिळेल. फक्त "व्यायाम द्या" म्हणालात तर पाय हलवून परत पाठवतील. मुंबईला हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, १९५५ पासूनची, तिथे याच विषयाचे डॉक्टर असतात. आणि कोल्हापूर तुम्हाला काही लांब नाही, तिथे नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था आहे. नसीमादीदींचे स्वतःचे पाय कॉलेजच्या वयात लुळे पडले, त्या व्हीलचेअरवरून नोकरीही करत होत्या आणि पुढे शेकडो मुलांचं शिक्षण-नोकरी उभं केलं. तिथे जायचं ते सल्ल्यासाठी तर आहेच पण मुख्य म्हणजे मिस्टरांनी त्यांच्यासारखी माणसं आपापली खुर्ची ढकलत कामाला जाताना बघावीत म्हणून. आपण शंभर वेळा सांगून जे होत नाही ते एकदा बघून होतं, दादाचं तसंच झालं.

आता रात्रीचं ओलं अंथरूण. तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड काम मला हे वाटलं, कारण झोप इथेच जाते. बाहेरून लावायची जी कंडोमसारखी पिशवी असते ती कूस बदलताना निसटतेच, तुम्ही कितीही नीट लावा. युरोलॉजिस्टला विचारा की यांना ठराविक वेळाने स्वतः नळी घालून लघवी काढून टाकायची पद्धत चालेल का, साधारण चार ते सहा तासांनी करतात, हात चांगले असलेला माणूस ते आरशाशिवाय स्वतः करतो, शिकायला काही दिवस लागतात. झोपायच्या आधी एकदा मूत्राशय रिकामं झालं आणि संध्याकाळनंतर पाणी बेताने घेतलं, दिवसा मात्र भरपूर, तर कित्येकांची रात्र कोरडी जाते. हे आपल्या मनाने सुरू करायचं नाही हं, आधी डॉक्टरांनी तपासायला हवं, कारण अशा पेशंटच्या मूत्राशयात दाब वाढून किडनीवर येऊ शकतं आणि ते बाहेरून कळत नाही. वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी होतेय ना? पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारतेय. ताप, थंडी, लघवीला घाण वास, गढूळ झाली, की थांबायचं नाही. संडासचंही तसंच, रोज किंवा दिवसाआड एकाच वेळी, चहा किंवा जेवणानंतर अर्ध्या तासाने, कमोडच्या खुर्चीवर बसवून सवय लावली की अवेळी होणं कमी होतं, याचीही पद्धत नर्सकडून शिकून घेता येते.

आणि कूस. दोन-दोन तासांनी कूस बदलायची ते बरोबर आहे, बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाली तर महिनोनमहिने जातात, माकडहाडावर, टाचांवर, नितंबाच्या हाडांवर रोज नजर हवीच. पण ती कूस बदलायला गजर कुणाच्या उशाशी वाजतो? तुमच्या, बरोबर ना? तो त्यांच्या मोबाईलवर लावा. कॉटला धरायला दांडा किंवा घट्ट दोर बांधून द्या, त्याला धरून वळायची पद्धत फिजिओकडून शिकू दे. पहिले काही दिवस ते तुम्हाला हाक मारतील, तुम्ही जागं व्हाल, पण उठू नका लगेच, पडल्या पडल्या म्हणा "करा, मी आहे". मला माहितीये हे लिहायला सोपं आहे, आईला हे जमायला दोन महिने लागले, ती उठायचीच, आणि दादा चिडायचा की मला करू दे ना. हवेची गादी घेतली नसेल तर घ्या, पण गादी आहे म्हणून कूस नको असं मात्र समजू नका. दिवसा खुर्चीत बसले की दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, हे पूर्णपणे त्यांचं काम, तुम्ही आठवण पण करायची नाही, मोबाईल करेल.

तुमच्या पाठीचं मला मनापासून वाईट वाटलं. भिंत धरून उठताय म्हणजे हाडांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं, ते "बघू नंतर" वर टाकू नका, तुमची पाठ गेली तर त्या घरात दोन कॉट लागतील. तोपर्यंत एवढं करा की एकटीने उचलणं बंद. कॉट आणि खुर्चीची उंची सारखी करा, कॉटखाली विटा घाला नाहीतर सुताराकडून कॉटचे पाय कापून घ्या, उंची सारखी असली की उचलायचं नसतं, सरकवायचं असतं, मधे गुळगुळीत फळी टाकून. कमरेत वाकून ओढायचं नाही, गुडघे वाकवायचे, आणि अंगाखाली आडवी चादर घालून ती चादर दोघांनी दोन्हीकडून धरायची. दुसरं कोण, तर मुलगा. दहावी आहे म्हणून त्याला बाजूला ठेवलंय असं वाटतंय, पण सकाळची दहा मिनिटं आणि रात्रीची दहा मिनिटं वडिलांना सरकवायला दिली तर दहावी बुडत नाही. मुलीला मात्र या कामात हळूच ओढू नका, मुलगी आहे म्हणून चादरी-भांडी आपोआप तिच्याकडे जातात, मी स्वतः त्या जागेवर होते, माझी बारावी त्यात गेली आणि त्याबद्दल आजपर्यंत घरात कुणी बोललेलं नाही.

सासूबाईंचं. त्या "बायको असताना" म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक भीती वाटत असते की परका माणूस आपल्या पोराला नीट हात लावणार नाही, आणि गावात बोलणं होईल. वाद नका घालू. त्यांच्याच समोर मिस्टरांनी म्हणायला हवं की आई, मला अंघोळीला पुरुष माणूस बरा पडतो, हिच्याने आता उचलत नाही. हे वाक्य तुमच्या तोंडून गेलं तर कामचुकारपणा ठरेल, त्यांच्या तोंडून गेलं तर गरज. दिवसभराचा माणूस परवडणार नाही, मला कळतं, पण सकाळी दीड-दोन तास येणारे मामा मिळतात, गावातल्या दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून केलेला कुणी असेल, आठवड्यातले तीन दिवस आला तरी मोठं आहे. दीर पाठवतात ते तीन हजार या कामाला लावायचे असं ठरवून टाका आणि त्यांना तसं कळवा. आणि त्यांच्याकडून पैशापेक्षा दिवस मागा. दोन महिन्यांतून चार दिवस, त्यांनी येऊन रात्रीसकट सगळं करायचं आणि तुम्ही माहेरी जायचं. "कधीतरी या" म्हणू नका, कॅलेंडरवर तारीख टाकून फोटो पाठवा. येतील का, पहिल्यांदा कदाचित नाही येणार, दुसऱ्यांदा मागा. सरकारने २०२४ मध्ये लोकांचा वेळ कशात जातो त्याची पाहणी केली, त्यात घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायकांची दिवसाला १४० मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ७४, आणि मुळात असं काम करणारे पुरुषच बायकांच्या निम्मे. तुमची मिनिटं तर मोजायची सोयच नाही. म्हणून एक आठवडा खरंच वहीत लिहा, किती वाजता उठले, कशाला, किती वेळ लागला. ती वही दिरासमोर ठेवा. भांडणापेक्षा वही चालते.

कागदपत्रांचं थोडक्यात. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर स्वावलंबनच्या पोर्टलवर अर्ज करा, बाकी सगळ्याचं दार तिथून उघडतं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना दीड हजार मिळायचे, २०२५ मध्ये ते अडीच हजार करायचा निर्णय झाला, दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला ५० हजार आहे, तहसीलला अर्ज जातो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज द्या, कमोडची खुर्ची, व्हीलचेअरसाठी उतरण, हवेची गादी असं नेमकं लिहून, आणि पोच घ्या. व्हीलचेअर केंद्राच्या एडिप योजनेतून मिळते, तालुक्याला शिबिर लागतं तेव्हा जा, पण त्यांच्या मापाची आहे का ते बघून घ्या, ढगळ खुर्चीत माणूस वाकडा बसतो आणि जखमा होतात. एसटीत आणि रेल्वेत नियमाप्रमाणे त्यांना आणि सोबत जाणाऱ्यालाही सवलत आहे. निरामय विम्याचं कुणी सांगितलं तर त्यात वेळ घालवू नका, तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच आहे. आणि हो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजी घेणारी व्यक्ती म्हणून घरच्यांचा शब्दशः उल्लेख आहे, पगार घेणारी असो की न घेणारी, आणि ज्यांना जास्त आधार लागतो अशांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद करता येईल असंही लिहिलंय. "करता येईल" असं आहे, "करावी लागेल" असं नाही, आणि या दोन शब्दांमधे तुमच्यासारख्या लाखो बायका उभ्या आहेत याचा मला राग येतो. दिव्यांगांच्या संघटना हे मागतायत, तुमच्या तालुक्यातल्या संघटनेचा मोर्चा किंवा बैठक असेल तेव्हा तुम्हीही जा, त्या बैठकांमधे बायका आल्या की विषय वेगळा निघतो.

राहिलं तुमचं दोघांचं. चार वर्षांत त्यांच्या अंगाला तुमचा हात लागला तो पुसायला, उचलायला, बदलायला. नवरा-बायको म्हणून शेजारी बसणं कधी झालं? पत्रात त्यांच्याबद्दल राग आहे, कीव आहे, कर्तव्य आहे, पण पडायच्या आधी ते कसे होते याची एक ओळ आहे, बैलपोळ्याला बैलांची शिंगं रंगवताना गाणी म्हणायचे. ती ओळ तुम्ही का लिहिलीत ते तुम्हालाच ठाऊक, मला मात्र ती वाचून वाटलं की त्यांच्याशी बोलायची वाट अजून उघडी आहे. रात्री तीनचं जे मनात आलं ते त्यांना जसंच्या तसं सांगायची गरज नाही. पण "मी थकलेय, मला तुमची मदत हवी" हे सांगा, मुलं झोपल्यावर, काम करता करता नाही, हात रिकामे ठेवून, शेजारी बसून. चार वर्षांत त्यांच्याकडे कुणी मदत मागितली नसेल. ते चिडले तर चिडू द्या, रडले तर तुम्हीही रडा, पण दुसऱ्या दिवशी गजर त्यांच्याच मोबाईलवर लावा.

शिलाई मशीनवरची धूळ आजच पुसून ठेवा, कपडा नंतर बघू. आणि महिनाभराने मला लिहा, मिरजेला काय म्हणाले आणि रात्री किती वेळा उठावं लागलं, तो आकडा नक्की लिहा, मी वाट बघतेय.